अडीचशेतली एकशेबारावी

चोपन्नाव्या वर्षी माणसाने आईशी खोटं बोलू नये. मी बोलले. मैत्रिणीच्या मुलीचं लग्न आहे, सोमवारी येते, असं सांगून शुक्रवारी पहाटे साताऱ्याच्या बसस्थानकावर येऊन उभी राहिले. एका हातात कपड्यांची पिशवी आणि दुसऱ्या हातात चौकोनी, आत जाड पुठ्ठा घातलेली कापडी पिशवी. ही दुसरी मी स्वतः शिवली आहे. बारा इंची रेकॉर्ड तिच्यात न वाकता बसते. कंडक्टरने ती निरखून विचारलं, "फोटोफ्रेम का, मॅडम?" मी हो म्हटलं. दिवस उजाडायच्या आत दुसरं खोटं.

रेकॉर्ड जमवण्याचा नाद मला वीस-बावीस वर्षांचा. पुण्याचा जुना बाजार, मुंबईचे फूटपाथ, सुट्टीत बंगळूर आणि कोलकात्याची छोटी दुकानं, सगळीकडे मी गुडघे टेकून खोकी उपसली आहेत. मोठ्या कंपन्यांच्या, घरोघर असलेल्या रेकॉर्ड मी घेत नाही. कुण्या गावातल्या मंडळाने वर्गणी काढून छापलेल्या शंभर प्रती, कुण्या गिरणीतल्या कामगारांच्या बँडच्या दोनशे, अशा मोजक्या प्रतींच्या मागे मी असते. कुणी कारण विचारलं की छंद आहे म्हणते. भूगोलाच्या शिक्षिकेला असे छंद लोक माफ करतात.

खरं कारण असं, की माझे वडील बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे. मी सहा वर्षांची असताना ते लग्नसराईपुरतं नाशिकच्या एका बँडबरोबर गेले आणि परत आले नाहीत. आईने शाळेत शिपाईण म्हणून नोकरी धरली. दोनेक वर्षांनी कुणीतरी तिला म्हणालं, "रघुनाथची रेकॉर्ड निघालीय म्हणे." एवढीच बातमी. पुढे मला पगार सुरू झाला, तसं मी त्या 'म्हणे'च्या मागे लागले. हजारो पाकिटांच्या पाठीवरची बारीक अक्षरं वाचली. ते नाव कुठेच नव्हतं.

आणि यंदा गणपतीनंतर, रेकॉर्ड जमवणाऱ्या आमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक फोटो आला. पांढऱ्या दाढीचा एक म्हातारा, हातात क्लॅरिनेट, डाव्या हाताची करंगळी आतल्या बाजूला वाकलेली. ती करंगळी मी ओळखली. खाली लिहिलं होतं: रघुनाथमास्तर, क्लॅरिनेट. अडीचशे प्रती, हाताने क्रमांक घातलेल्या. फक्त दुकानात मिळतील, माणशी एक, कुरिअर नाही. आणि त्याखाली आणखी बारीक अक्षरात, मास्तर गेल्या चैत्रात वारले.

म्हणजे बाप सापडला आणि गेला, या दोन्ही गोष्टी मला एकाच संदेशात कळल्या. ग्रुपवर लोक त्याला अंगठे दाखवत होते.

पुण्यानंतर नारायणगाव, आळेफाटा, चंदनापुरीचा घाट, संगमनेर. खिडकीतून कांद्याची रोपं लावलेल्या वाफ्यांची रांग पळत होती. सिन्नरच्या पुढे द्राक्षबागा लागल्या. छाटणी झालेल्या वेलींना नुकती पालवी फुटलेली, लोखंडी तारांवर हिरवट धूर बसल्यासारखी. एरवी मी मुलांना शिकवण्यासाठी अशा गोष्टी वहीत टिपून घेते. या वेळी वही पिशवीतच राहिली.

नाशिकरोडला उतरून स्टेशनजवळच्या एका लॉजवर खोली घेतली. गल्ल्यावरच्या बाईंनी माझं आधारकार्ड पाहिलं आणि सहानुभूतीने विचारलं, "एकट्याच आलात? बरोबर पुरुषमाणूस नाही?"

"नाही. का?"

"विधीला आलात ना? रामकुंडावर बायकांना करू देतात आता, तसं काही नाही. पण कोणीतरी असलेलं बरं."

बाहेरगावचं एकटं माणूस नाशिकला येतं ते कुणाला तरी पोचवायला, हा तिथला हिशेब. मी विधीला आले नाही एवढंच म्हणाले. पण जिना चढताना लक्षात आलं, की ती बाई फार काही चुकली नव्हती.

दुकान शनिवारी अकराला उघडणार होतं. मी नऊलाच पंचवटीत रिक्षातून उतरले. भाजीबाजार ऐन भरात होता. मेथीच्या जुड्या, ओली कोथिंबीर, झेंडूचे ढीग, त्यातून दुचाकीवाले हॉर्न दाबत घुसत होते. कुंडाकडून येणाऱ्या एका गुरुजींनी मला हेरलं.

"गाव कोणतं, ताई? आडनाव?"

"कशाला?"

"तुमच्या घराण्याची वही असेल ना कोणाकडेतरी. आजोबा-पणजोबा येऊन गेलेले असतात, नावं लिहिलेली असतात. वडील आहेत का?"

 मी घाईने वळले, मेथीच्या पाल्यावरून पाय सरकला आणि उजव्या चपलेचा अंगठा तुटला. पडले नाही. पण चप्पल हातात धरून, एक पाय अनवाणी, अशा अवस्थेत मी एका टपरीवर मिसळ खायला बसले. बरोबर गुळाची जिलेबी आणि भाजलेला पापड. तिखट रश्श्याने डोळ्यांत पाणी आलं, आणि त्याचं कारण कुणाला सांगावं लागलं नाही, याचं बरं वाटलं.

दुकान एका अरुंद गल्लीत, सायकलच्या दुकानावरच्या माडीवर होतं. पाटी नव्हती. काचेवर पांढऱ्या रंगात एक तबकडी काढलेली, बस्स. जिन्यावर दहा-बारा माणसं आधीच बसलेली. बहुतेक तिशीतली, गळ्यात हेडफोन, पाठीवर रेकॉर्डच्या मापाच्या पिशव्या. माझ्यापुढे मुंबईहून आलेला एक गृहस्थ होता. त्याने बरोबर ड्रायव्हरलाही रांगेत उभं केलं होतं.

"माणशी एक आहे ना, मग दोन माणसं आणली," तो मला डोळा मारून म्हणाला. "दोन वर्षांत चौपट होईल. मी पॅकिंग फोडत नाही कधी."

"ऐकत नाही?"

"मॅडम, ऐकायला मोबाइल आहे."

माझ्या बापाला हा माणूस प्लास्टिकमध्ये बांधून कपाटात ठेवणार होता. मला राग यायला हवा होता. पण मनात आलं, की अठ्ठेचाळीस वर्षं तो असाच कुठेतरी बांधून ठेवलेला होता. आता निदान कपाट तरी माहीत झालं असतं.

दुकानदाराचं नाव अनिरुद्ध. आधी पुण्यात कॉम्प्युटरमधली नोकरी करायचा, ती सोडून हे दुकान काढलं. खोली लहान, पण नीट. भिंतीला लाकडी खोकी, त्यांत परदेशातून आलेल्या रंगीत रेकॉर्ड, जांभळ्या, पारदर्शक, पिवळ्या. मधल्या टेबलावर प्लेअर आणि शेजारी पांढऱ्या पाकिटांची चळत. त्याने सगळ्यांना आत घेतलं, खाली चटईवर बसवलं आणि सांगितलं, की मास्तर त्याला एका लग्नात भेटले. बँड बंद पडून वर्षं झाली होती, पण हौसेने वाजवायला बोलावलं की जायचे. "मी म्हटलं, आजोबा, तुमचं रेकॉर्डिंग आहे का कुठे? तर म्हणाले, एकदा निघणार होती रेकॉर्ड, मालकाने पैसे खाल्ले, राहून गेलं."

तर ती कधी निघालीच नव्हती. मी वीस वर्षं न निघालेली रेकॉर्ड शोधत होते. चटईवर बसल्या बसल्या मला हसू फुटलं, आणि शेजारच्या मुलीने चमकून पाहिलं.

"आणि हे मास्तरांचे चिरंजीव, नितीनदादा," अनिरुद्ध म्हणाला. "खास इगतपुरीहून आलेत."

कोपऱ्यातून एक उंच, टक्कल पडत चाललेला माणूस उठून उभा राहिला. माझ्याहून सात-आठ वर्षांनी लहान. त्याने हात जोडले. "मी रेल्वेत आहे, मला बोलता येत नाही," तो म्हणाला. "बाबांनी आम्हाला काही कमी पडू दिलं नाही. मी एकुलता एक. माझ्या शाळेच्या प्रत्येक गॅदरिंगला बाबा वाजवायला यायचे. एवढंच."

टाळ्या वाजल्या. मीही वाजवल्या.

मग रेकॉर्ड लागली. सुई टेकल्यावरची खरखर, आणि मग तो सूर. काय सांगू! मला वाटलं होतं, थकलेला, तुटक वाजवत असेल. तसं नव्हतं. वरच्या पट्टीत धाप लागत होती, पण खालचे सूर असे भरून, रेंगाळत येत होते की ती मुंबईकर असामीसुद्धा मोबाइल खाली ठेवून ऐकायला लागली. वाईट वाजवत असता तर मला सोपं गेलं असतं. बाप नादान होता, वाजवताही येत नव्हतं, असं म्हणून मी खाली उतरले असते.

दुसऱ्या बाजूला शेवटी त्याचा आवाज आला. घोगरा, हसरा. "आता ही लेकीची." आणि चाल सुरू झाली.

ती माझी होती. मी पाच-सहा वर्षांची असताना तो संध्याकाळी उंबऱ्यात बसून ती वाजवायचा, आणि मी विचारलं की म्हणायचा, "ही वैजूची." तिला शब्द नाहीत. चार पायऱ्या वर, एक थांबा, आणि मग हळूच खाली. आजवर कुठल्याही रेकॉर्डवर, कुठल्याही वरातीत मी ती ऐकली नव्हती. बँड वाजायला लागला की मी दार लावून घेते, तेही असेल. लेकीची, असं तो म्हणाला होता. मुलगा तर एकुलता एक. मग लेक म्हणजे कोण?

रांगेने सगळे टेबलापाशी गेले. अनिरुद्ध प्रत्येकाचं नाव, गाव आणि प्रतीचा क्रमांक एका वहीत लिहून घेत होता. अडीचशेतल्या पहिल्या शंभर त्याने घरच्यांसाठी आणि जुन्या बँडवाल्यांसाठी बाजूला ठेवल्या होत्या. माझ्या वाट्याला एकशेबारा आली. मी नाव सांगितलं, वैजयंती. आडनाव आईचं, माहेरचं. ते आम्ही कधीच लावायला लागलो होतो. गाव, सातारा. नितीन शेजारीच उभा होता.

"ताई, पायात चप्पल नाही तुमच्या," तो म्हणाला. मी हातातली तुटकी दाखवली. त्याने ती घेतली, खालच्या सायकलवाल्याकडून तारेचा तुकडा आणला आणि दोन मिनिटांत अंगठा बांधून दिला. हात सराईत होते. करंगळी सरळ होती.

"एवढ्या लांबून आलात. क्लासिकल वगैरे शिकलाय?"

"नाही. मी रेकॉर्डवर लिहिते थोडंफार," मी म्हणाले. खोट्यांची मोजदाद एव्हाना मी सोडून दिली होती.

"मग उद्या घरी या इगतपुरीला. बाबांची क्लॅरिनेट दाखवतो. आई आहे, तिला बरं वाटेल. रविवार आहे, मला सुट्टी आहे."

इतक्या सरळपणाने कुणी बोलावलं की जावंसं वाटतं. मी गेले.

सकाळची पॅसेंजर निम्मी रिकामी होती. देवळालीनंतर शहर संपलं. घोटीच्या आसपास भाताच्या खाचरांत कापणी चालली होती. पिवळ्या पेंढ्या बांधावर उभ्या, मागे डोंगरांची काळी भिंत, अजून पावसाचं पाणी अंगावर वागवत असलेली. डब्यातल्या एका शेतकरीणबाईने मला खिडकीची जागा दिली आणि म्हणाली, "बघा बघा. पावसात आल्या असत्या तर काय बी दिसलं नसतं. चार महिने नुसतं धुकं हे."

नितीन स्टेशनवर घ्यायला आला होता. रेल्वेचं क्वार्टर चढावर, दगडी, कौलारू. दारात तुळस नव्हती, पण डब्यांत लावलेल्या मिरच्या होत्या. सुमनबाई, म्हणजे त्याची आई, ओट्याशी नागलीच्या (नाचणीच्या) भाकऱ्या थापत होत्या. सत्तरीच्या असतील. ठेंगण्या, काटक. त्यांनी मागे वळून माझ्याकडे पाहिलं आणि तव्यावरची भाकरी उलटायची विसरल्या.

"बस," त्या म्हणाल्या. एकदम एकेरी.

नितीनने काळी पेटी आणली. आत निळ्या मखमलीवर क्लॅरिनेटचे पाच तुकडे. एका कप्प्यात पत्ती (फुंकल्यावर थरथरणारी वेताची पातळ पट्टी), तिच्यावर ओठांचा पुसट डाग. मी तिला बोट लावलं नाही. लावलं असतं तर तिथेच काहीतरी बोलून बसले असते.

"नितीन," सुमनबाई म्हणाल्या, "बाजारातून दही आण. पाव्हणी बिनदह्याची जेवंल का?"

"आई, घरात आहे ना दही."

"ते आंबट झालंय. जा."

तो गेला. बाईंनी गॅस बारीक केला, हात पदराला पुसले आणि माझ्यासमोर पाटावर बसल्या.

"साताऱ्याची ना तू?"

मी मान हलवली.

"कान त्याचेच हायेत. आत आली तेव्हाच वळखलं."

"त्यांनी सांगितलं होतं तुम्हाला?" मी विचारलं. माझा आवाज मलाच लहान मुलीसारखा वाटला.

"त्यानं? नाय. बँडवाल्यांनी सांगितलं. लग्न होऊन वरीस झालं होतं, नितीन पोटात होता, पाचवा महिना. मी काय करणार होते? माझा बाप मला दारात उभं करणार नव्हता." त्या थांबल्या. "लय भांडले. चार दिवस जेवले नाय. मग जेवले."

मी या बाईचा अठ्ठेचाळीस वर्षं द्वेष केला होता, ती कशी दिसते हेही माहीत नसताना. आणि आता ती माझ्यासमोर पिठाचे हात चोळत होती, आणि त्या द्वेषाला टेकायला जागाच मिळेना.

"आमच्याबद्दल बोलायचे का कधी?"

 बाहेरून मालगाडी घाट चढून येत होती, तिचा आवाज संपेपर्यंत त्या थांबल्या.

"तू इतक्या लांबून आली, तर खोटं सांगू नाय. एकदा मीच विचारलं. तिकडं पोरगी हे म्हणत्यात, बघून या, पैसे द्या. तर म्हणला, तिकडं काही नाही. एवढंच. परत नाव नाय घेतलं. मरताना बी नाय. मी उशाला होते."

"पण रेकॉर्डवर ते म्हणतात ना, ही लेकीची. ती चाल ते माझ्यासाठी वाजवायचे. मला आठवतंय."

सुमनबाईंनी माझ्याकडे पाहिलं. त्या पाहण्यात दया होती, आणि ती मला नको होती.

"अगं, ती पोरगी सासरी निघताना वाजवायची चाल," त्या म्हणाल्या. "त्याचे बँडवाले तिला लेकीचीच म्हणायचे. वरातीची वेगळी, जेवणावळीची वेगळी, तशी ही लेकीची. हजार लग्नांत वाजवली आसंल त्यानं. माझ्या लग्नात बी वाजवली, स्वतःच."

  जी एक गोष्ट त्याने माझ्या नावावर करून ठेवली असं मी धरून चालले होते, ती कामावरची होती. घरी बसून तो सराव करत असणार. लहान मुलीने विचारलं, ही कोणाची, तर म्हणाला तुझी. दुकानदार पोराच्या हातावर खडीसाखर ठेवतो, तसं.

"नितीनला सांगू नको," त्या उठता उठता म्हणाल्या. "बापाला देव मानतो तो. वरीस बी झालं नाय."

"नाही सांगत," मी म्हणाले.

दही आलं. आम्ही जेवलो. नागलीची भाकरी, उडदाची आमटी, नव्या इंद्रायणीचा चिकट, वासाचा भात. सुमनबाई वाढत राहिल्या आणि मी खात राहिले. नितीनने नोकरीचं विचारलं, तेव्हा शाळेत भूगोल शिकवते हे खरं सांगून टाकलं. भात फार चांगला होता. घास उतरत होता, याचंच मला नवल वाटत होतं. निघताना त्यांनी माझी ओटी भरायला तांदूळ आणले, मग काय वाटलं कोणास ठाऊक, ओटीत न घालता पिशवीत बांधून दिले.

नितीन स्टेशनपर्यंत आला. परतीची गाडी पाऊण तास उशिरा होती. बाकावर बसून त्याने वडा मागवला, माझ्यासाठीही.  मग म्हणाला, "ताई, एक विचारू? राग मानू नका."

"विचारा."

"तुम्हाला नक्की काय हवंय?"

मला समजलं नाही. त्याने वडा कागदावर ठेवला. "बाबांचे कागद काढताना जुना शाळेचा दाखला मिळाला होता. त्यावर गाव सातारा. मी आईला विचारलं तर ती चिडली. बँडमधल्या एका काकांना विचारलं, त्यांनी सांगितलं सगळं. काल वहीत लिहून घेताना तुम्ही सातारा सांगितलंत. म्हटलं, घरी बोलवावं. बघावं."

म्हणजे तारेने चप्पल बांधून देताना त्याला माहीत होतं. दही आणायला जाताना माहीत होतं.

"क्वार्टर रेल्वेचं आहे," तो खालच्या आवाजात म्हणाला. "नाशिकरोडला फ्लॅट आहे, तो माझ्या कर्जाचा. बाबांच्या नावावर काही नाही. रेकॉर्डचं जे काही येईल ते आईच्या औषधाला. तुम्ही वकिलाला वगैरे विचारलं असेल तर..."

"मला रेकॉर्ड हवी होती," मी म्हणाले. "ती विकत घेतली."

"एवढंच?"

"एवढंच."

त्याचे खांदे खाली आले. तो इतका उघड सुटला की मला त्याची कीव आली आणि त्याचबरोबर तिथून पळून जावंसं वाटलं. मग तो भरभरून बोलायला लागला. येत जा ताई, पावसाळ्यात या, धबधबे दाखवतो, माझ्या मुलीला तुमचा नंबर देतो, ती भूगोलात कच्ची आहे. गाडी सुटताना त्याने खिडकीतून हात आत घालून माझा हात धरला. "मला बहीण नव्हती," तो म्हणाला. मला वाटतं, तो खरंच बोलत होता. फक्त ते त्याने हिशेब मिटल्यावर म्हटलं. आधी म्हणाला असता, तर मी कदाचित घोटीपर्यंत रडले असते. आता मात्र मी सरळ बसून राहिले आणि कापलेली खाचरं मोजत आले.

सुमनबाईंना दिलेलं वचन आईला लागू नव्हतं. सोमवारी संध्याकाळी घरी पोचले तेव्हा ती मेथी निवडत बसली होती. शहात्तर वर्षांची आहे, दृष्टी चांगली आहे. चौकोनी पिशवीकडे पाहून म्हणाली, "लग्नात आहेर म्हणून रेकॉर्ड मिळाली का?"

मी पाकीट काढून तिच्या हातात दिलं. तिने फोटो जवळ धरला, लांब धरला. चेहऱ्यावर काही हललं नाही. "लाव," म्हणाली.

मी लावली. ती मेथी निवडत ऐकत राहिली. पहिली बाजू संपली, मी उलटली. त्याचं ते घोगरं बोलणं आलं तेव्हा तिचा हात क्षणभर थांबला, आणि पुन्हा चालू झाला.

"वरच्या सुराला श्वास पुरत नाही," ती म्हणाली. "कधी गेला?"

"चैत्रात."

"एकटा होता?"

"नाही. बायको आहे. एक मुलगा. रेल्वेत आहे."

"बरे आहेत का?"

"बरे आहेत."

तिने देठं कागदात गुंडाळली. "केवढ्याला आणलीस?"

"तीन हजार."

आई उठली, गुडघ्यावर हात ठेवून, सावकाश. "त्याने अठ्ठेचाळीस वर्षांत आपल्याला दिले नाहीत, तेवढे तू त्याला एका दिवसात दिलेस," ती म्हणाली आणि मेथी धुवायला आत गेली.

रेकॉर्ड अजून फिरत होती. मी ती संपेपर्यंत ऐकली, कारण अर्ध्यावर सुई उचलली तर ओरखडा पडतो. त्यानंतर दोन महिने झाले, मी कुठल्याही दुकानात गेले नाही. ग्रुपवर नव्या आवृत्त्यांचे फोटो येतात, लोक प्रतींचे क्रमांक लिहितात, रांगांबद्दल तक्रारी करतात. मी पाहते आणि पुढे सरकवते. नाशिक पाहण्यासारखं आहे. गोदेचा घाट, द्राक्षबागा, इगतपुरीचे डोंगर, सगळं शाळेत मुलांना सांगते. कुणी विचारतं, "मॅडम, तुम्ही कशाला गेला होता?" त्यावर काय सांगायचं हे माझं अजून ठरलेलं नाही. बहुतेक वेळा मी नकाशा गुंडाळते आणि पुढच्या धड्याकडे वळते.